रविवारची गोळी

शालिकभाऊ गजभियेंचं दार कुणी वाजवलं की दार उघडण्याआधी आतून आवाज यायचा, "चुकलं जी, आलो." काय चुकलं हे त्यांना माहीत नसे. बाहेर दूधवाला असे, पेपरवाला असे, कधी क्वार्टरचा नंबर चुकून आलेली एखादी पाहुणी असे. पण आपल्या दारात माणूस आला म्हणजे आपल्याकडून काहीतरी राहिलं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता, आणि बऱ्याचदा तो खरा ठरे.

तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. भिलाई तीच, राज्य दुसरं. शालिकभाऊ माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. मी स्टील प्लान्टच्या टाइम ऑफिसात कारकून होतो आणि ते नंदिनीच्या खाणीतून येणारी चुनखडी वाहून नेणाऱ्या बेल्टवर इलेक्ट्रिशियन. ते भंडाऱ्याकडचे, मी उमरेडकडचा. त्यांच्यापेक्षा मी बराच लहान, पण मी कारकून आहे म्हणून ते मला 'बाबू' म्हणत. मी त्यांना भाऊ म्हणे.

त्यांचं काम समजून घेतल्याशिवाय माणूस कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चालत्या बेल्टमध्ये बिघाड झाला की तो बंद करून फिटर लोक वर चढत. त्याआधी इलेक्ट्रिशियनने त्या बेल्टचे तिन्ही फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. फ्यूज खिशात असेपर्यंत बेल्ट कुणाच्याही हातून सुरू होत नाही. काम संपलं, सगळे खाली उतरले, की ते परत लावायचे. वर चढलेल्यांचे हातपाय त्या एका खिशाच्या भरवशावर असत.

शालिकभाऊ हे फ्यूज खिशात घेऊन घरी येत.

मी स्वतः एकदा हजर होतो. माझा रेडिओ खरखर करत होता म्हणून त्यांनी तो मागून नेला होता आणि जेवणाच्या सुट्टीत जमिनीवर त्याचे सगळे अवयव मांडून बसले होते. दारात जीप थांबली. ड्रायव्हर छत्तीसगढी, तो बसल्या जागेवरून ओरडला, "गजभिये भइया, फ्यूज ला धर के आ गे हव का?"

"चुकलं जी," म्हणत त्यांनी खिशात हात घातला. तीन फ्यूज निघाले, माझ्या रेडिओचा एक स्क्रू निघाला आणि बायकोनं आदल्या दिवशी मागवलेलं लिंबू निघालं. फ्यूज घेऊन ते तसेच जीपमध्ये बसले. लिंबूही बरोबर गेलं.

तिकडे साहेबांनी विचारलं, "गजभिये, तुम्हारे पास दिमाग है कि नहीं?"

"है साहब," हे म्हणाले, "पर ठिकाने पे नहीं रहता."

तरीही त्यांना त्या कामावरून कुणी काढलं नाही. याचं कारण असं, की फ्यूज लावायला विसरणं ही एक चूक आणि फ्यूज लवकर लावणं ही दुसरी. पहिलीनं बेल्ट थांबून राहतो, दुसरीनं माणूस जातो. दुसरी चूक शालिकभाऊंच्या हातून कधी झाली नाही. बाकीचे इलेक्ट्रिशियन खालूनच ओरडत, "सब उतर गए क्या?" आणि हो म्हटलं की फ्यूज लावून टाकत. हे प्रत्येक फिटरला समोर उभं करून त्याचं नाव घेत आणि खांद्याला हात लावत. लोक वैतागत. "भइया, अब आरती भी उतारोगे?" असं कुणीतरी विचारी.

"मले मायावर भरोसा नाही ना," ते मला एकदा म्हणाले. "बाकीच्याइले सोतावर आहे. त्याइचं चालते."

घरात मात्र खांद्याला हात लावायची सोय नव्हती. त्यांच्या बैठकीच्या खोलीची एक भिंत निळी होती आणि उरलेल्या हिरव्या, कारण निळा रंग सुरू केल्यावर मधेच त्यांना पलंगाचा पाय दुरुस्त करायचं आठवलं होतं. सायकलवर बाजारात जात आणि पायी परत येत. पण या गोष्टींवर हसता येत असे. न हसण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांच्याशी बोलणं. तुम्ही काही सांगू लागलात की त्यांचे डोळे तुमच्यावर असत, मान हले, आणि मग एकाएकी ते उठून जात. खिडकीत काहीतरी दिसलेलं असे किंवा डोक्यात काहीतरी उगवलेलं असे. थोड्या वेळानं "चुकलं जी, काय म्हणत होते?" असं विचारत परत येत. मी दिवसातून एकदा भेटणारा शेजारी, माझं काय जात होतं? कौसल्यावहिनी त्या घरात लग्न होऊन आल्या होत्या.

वहिनींचं डोकं दुखे. वर्षानुवर्षं दुखे. प्लान्टच्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्यावर कुणीतरी त्यांना नागपूरच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. डॉक्टर परदेशात शिकून आलेला, वयानं तरुण होता. त्यानं विचारलं, "काय त्रास आहे, ताई?" वहिनी बोलू लागल्या त्या दुपारपर्यंत बोलल्या. डोकेदुखीचा विषय पहिल्या दोन वाक्यांत संपला होता, बाकीचं सगळं नवऱ्याबद्दल होतं. शालिकभाऊ तोपर्यंत टेबलावरचा पेपरवेट खोलून बघत होते. पेपरवेट खोलता येतो हे डॉक्टरलाही त्या दिवशी कळलं असावं. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला, मग त्यांच्या लहानपणाबद्दल, शाळेबद्दल, मास्तरांनी किती वेळा वर्गाबाहेर काढलं त्याबद्दल त्यानं विचारलं आणि शेवटी औषध लिहून दिलं ते शालिकभाऊंच्या नावानं.

"डोस्कं मायं दुखत होतं," वहिनी पुढे सगळ्यांना सांगत, "आन गोळी यायले देल्ली."

आज या प्रकाराला एडीएचडी म्हणतात आणि रविवारच्या पुरवण्यांमधून त्यावर लेख येतात. तेव्हा डॉक्टरनं एवढंच सांगितलं, की हे काही मुलांमध्ये असतं, मोठेपणी जातं असं समजत होते पण सगळ्यांचं जात नाही, आणि यात तुमची चूक नाही. शेवटचं वाक्य शालिकभाऊंना पटलं नाही. ज्या वाक्यावर त्यांचा संसार चालत होता त्याच्या ते बरोबर उलट होतं.

पण गोळी लागू पडली. मोठा चमत्कार वगैरे झाला नाही. भूक मेली, तोंड कोरडं पडे, पहिले काही दिवस झोप उडाली. ते अजूनही सायकल कधी कधी विसरत. पण फ्यूज घरी येईनासे झाले. उरलेल्या हिरव्या भिंती निळ्या झाल्या. माझा रेडिओ परत आला आणि वाजला. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो तर वहिनी दारातच म्हणाल्या, "बाबू, काल मी यायले माया बहिणीच्या भांडणाची गोष्ट सांगतली. पुरी. पहिल्यापासून आखरीपावतर. हे बसून होते!" नवरा बसून राहिला या आनंदानं एखाद्या बाईचा चेहरा एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता. त्या आनंदातच त्यांनी ही गोष्ट महिला मंडळात सांगितली, आणि तिथून पुढचं सगळं झालं.

आमच्या सेक्टरमध्ये एक लहानसं विहार होतं. पत्र्याचं छप्पर, पांढऱ्या भिंती, समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. दर रविवारी सकाळी वंदना होई. शालिकभाऊंचा आवाज खणखणीत, म्हणून कित्येक वर्षं वंदना तेच देत. ते आधी म्हणत, मागून सगळे. इतर वेळी ज्यांना एका जागी बसवत नसे, ते वंदनेत मात्र एकदाही चुकत नसत. पाच शीलांमधलं पाचवं, नशा करणार नाही हे, म्हणताना त्यांचा आवाज जरा वर चढे. त्याला कारण होतं. त्यांचे वडील मोहाची दारू प्यायचे, आणि प्यायले की घरात काय होई ते ते सांगत नसत. दीक्षाभूमीवरून परत आलेल्या दिवशी म्हाताऱ्यानं मडकं अंगणात फोडलं आणि मरेपर्यंत थेंबाला शिवला नाही. त्या घरात इस्टेट म्हणून काही आलं असेल तर ते एवढंच.

गोळी सुरू झाल्यावर एका रविवारी ते चौथ्या शीलापर्यंत आले आणि थांबले. मागचे सगळे त्यांच्या आवाजाची वाट बघत बसले. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजलेली ऐकू आली. शेवटी मागच्या रांगेतून एका म्हातारीनं पाचवं शील उचललं आणि लोकांनी ते पुढे नेलं. शालिकभाऊ मान खाली घालून बसले होते.

विहाराचे अध्यक्ष टेंभुर्णेसाहेब. हे प्लान्टात अधिकारी होते आणि भिलाईच्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या मिरवणुकीत, तीन बटणांचा सूट घालून घामानं निथळत चालत. त्या निष्ठेचा मी आदर करतो. त्यांचा आवडता शब्द 'प्रतिमा' होता. समाजाची प्रतिमा, विहाराची प्रतिमा, कार्यकारिणीची प्रतिमा. महिला मंडळातली गोष्ट घरून त्यांच्या कानावर गेली होती. पुढच्या रविवारी वंदनेनंतर चहाच्या वेळी त्यांनी घसा साफ केला.

"गजभिये, आपण पुढे बसून शील देता. समाजाचं आपल्याकडे लक्ष असतं. आता डॉक्टरी इलाजाला आमचा विरोध नाही, परंतु ऐकण्यात असं आलं, की ही गोळी जी आहे..."

"चुकलं साहेब," शालिकभाऊ म्हणाले. "मी मांगं बसतो."

आणि कप ठेवून ते उठलेच. अर्ध्या तासाचं भाषण तयार करून आलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात असं जिंकू देणं बरं नाही. टेंभुर्णेसाहेब दिवसभर दुखावलेले होते.

घरी जाताना मी शालिकभाऊंना विचारलं, "साहेबांचं बोलणं पुरं व्हायच्या आधी तुम्ही कायले उठले?"

"नागपूरचा दुकानवाला पर्चीवर शिक्का मारते ना, बाबू. म्हणे, नशेवाली गोळी आहे, हिशेबानं देतो. मंग मी पुढं बसून कोन्या तोंडानं म्हणू?"

पावसाळ्यात वर्षावासासाठी एक वयस्क भंते आमच्या विहारात राहायला आले. साधा माणूस. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता आणि ते स्वतःच्या गोळ्या चिवराच्या घडीत बांधून ठेवत. मीच त्यांच्यासमोर हा विषय काढला. शालिकभाऊ बाजूला अवघडून बसले होते.

भंतेंनी विचारलं, "गोळी घेतल्यावर ध्यान जागेवर राहते का जाते?"

"राहते, भंते."

"कामावरचे लोक सुरक्षित राहतात?"

"हो जी."

"बाईवर हात उचलता? घरात भांडण?"

"नाही जी."

"मग ही नशा कशी झाली? नशेनं माणूस बेसावध होते. तुमी तं सावध होऊन राहिले. घेत जा. मीही घेतो." असं म्हणून त्यांनी आपली घडी दाखवली.

मला वाटलं, संपलं. टेंभुर्णेसाहेबांनाही तसंच वाटलं. आपण पहिल्यापासून हेच सांगत होतो, असं त्यांनी जाहीर केलं आणि शालिकभाऊंना पुढे बसण्याची विनंती केली. शालिकभाऊंनी हात जोडले, पण बसले मागेच.

मी जरा चिडलो. दोन पुस्तकं वाचलेल्या माणसाला युक्तिवाद जिंकल्यावर समोरचा बदलला नाही की राग येतो. मी म्हणालो, "भाऊ, चष्मा लावता ना? ही तशीच गोष्ट आहे."

ते सायकलच्या हँडलशी चाळा करत उभे होते. म्हणाले, "चष्मा काढला तं मले चष्म्याची याद येत नाही, बाबू. गोळीची येते. मले ते आवडते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सकाळी घेतली का थोड्या वेळानं डोस्क्यातला बजार उठून जाते. एकच दुकान राहते. किती बरं वाटते सांगू! माया बाप काय म्हणे माहीत आहे? दोन घोट गेल्याबिगर मी माणसात येत नाही, असं म्हणे. आन परवा मी कौसल्येले तेच बोल्लो. गोळी घेतल्याबिगर मी माणसात येत नाही. बोल्लो आन मले मायाच आवाजात माया बाप ऐकू आला."

भंतेंचं बरोबर होतं, डॉक्टरचं बरोबर होतं, चष्म्याचं उदाहरणही चांगलं होतं. पण शालिकभाऊंना कुणी गुन्हेगार म्हणत नव्हतंच. गुन्हा त्यांचा त्यांनी पकडला होता, आणि तो गोळी घेण्याचा नव्हता, ती घेऊन बरं वाटण्याचा होता.

त्यांनी मग एक तोडगा काढला. कामाच्या दिवशी गोळी घ्यायची, कारण दुसऱ्यांचे हातपाय आपल्या खिशात असतात. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी घ्यायची नाही. म्हणजे ती औषध राहील, सवय होणार नाही. रविवारी ते विहारात मागे बसत, पण पाचवं शील सगळ्यांबरोबर म्हणत. त्या दिवशी त्यांचं तोंड खोटं नव्हतं.

या तोडग्याचं मीही कौतुक केलं. किती नेक माणूस, वगैरे. एका रविवारी वहिनींसमोर तसं बोललो. त्या तांदूळ निवडत होत्या. आत शालिकभाऊंनी पंखा खोलला होता आणि ते मधेच उठून मागच्या दारानं कुठेतरी गेले होते. पंख्याची पाती पलंगावर पडली होती.

"हो ना, लयच नेक," वहिनी म्हणाल्या. "बेल्टवरच्या माणसाइले पुरा भेटते, मले उरलेला. सहा दिवस कामावरून थकून येते तवा गोळी उतरली राहते. आन रविवारी घेतच नाही. मंग मले केव्हा भेटते सांगा बरं?"

मी म्हणालो, "तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"सांगतो ना. सांगता सांगता उठून जाते." त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मीच त्या बायाइच्या पुढं बोलली. खुशीत होती ना. नसती बोलली तं हे सगळं कायले झालं असतं?"

असे ते दोघं आपापल्या जागी चुकलेले होते. त्यांच्या घरात भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. भांडायला दोघांपैकी एकाला तरी आपलं बरोबर आहे असं वाटावं लागतं.

शालिकभाऊ निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ, भाषणं असा रीतसर समारंभ झाला. मी त्यांना विचारलं नाही, पण मला कळून चुकलं होतं की आता गोळी बंद होणार. बेल्ट संपला, म्हणजे सबब संपली. तसंच झालं. क्वार्टर सोडून त्यांनी कुम्हारीला, हायवेपासून थोडं आत, दोन खोल्यांचं घर बांधलं. भेटी कमी झाल्या.

मग एकदा पेन्शनच्या दिवशी ते बँकेत भेटले. नेहमीसारखे रांग सोडून भिंतीवरच्या बंद घड्याळाखाली उभे राहून त्याच्याकडे बघत होते. मी बाहेर चहाला नेलं. वहिनी कशा आहेत म्हणून विचारलं.

"बऱ्या आहे," ते म्हणाले. मग कप हातात तसाच धरून बसले. "बाबू, एक गोष्ट झाली. परवा ते मले काही सांगून राहिली होती. मी बसूनच होतो, खरंच बसून होतो, उठलो नव्हतो. आन ते मधातच थांबली. मी म्हटलं, मंग? तं म्हणे, काही नाही. मंग म्या ध्यान देऊन पाह्यलं. रोजच तसं करते. अर्धंच बोलते. मी उठाच्या आधी तेच थांबून जाते. किती वर्षांपासून करून राहिली असन, मले मालूमच नाही."

मी चहावाल्याचे पैसे दिले.

"बापाचं मले लय वाटत होतं," ते म्हणाले. "त्याची शपथ मोडून राहिलो असं वाटे. आन हिचं तं बोलनंच तोडून टाकलं म्या." चहा तसाच टाकून ते बससाठी निघून गेले. पासबुक काउंटरवरच राहिलं होतं. मी ते दुसऱ्या दिवशी कुणाबरोबर तरी पाठवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी बदली ठरली. निरोप घ्यायला मी एका रविवारी सकाळी कुम्हारीला उतरलो. फाटक उघडंच होतं. अंगणात सीताफळाच्या झाडाखाली दोन खुर्च्या होत्या आणि वहिनी बोलत होत्या. त्यांच्या माहेरची एक बकरी होती, ती तलावात पडली होती, आणि तिला काढायला गेलेला त्यांचा भाऊही पडला होता, आणि या सगळ्यात त्यांच्या मावशीचं कुणाशी तरी लग्न मोडलं होतं. गोष्ट लांबलचक आणि वेडीवाकडी होती, आणि वहिनी ती घाई न करता, आठवेल तशी, मागे जाऊन पुढे येऊन सांगत होत्या.

शालिकभाऊ समोर बसले होते. हात गुडघ्यांवर. रस्त्यावरून ट्रक गेला, मान वळली नाही. शेजारच्या छपरावर कुणीतरी खिळे ठोकत होतं, तिकडेही बघितलं नाही. मी फाटकापाशी उभा आहे हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. आमची नजर भेटली आणि त्यांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला. रविवार होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"या बाबू, या," वहिनी म्हणाल्या, "बसा जरा, एवढं सांगून होऊ द्या." आणि बकरीकडे परतल्या.

मी पायरीवर बसलो. शालिकभाऊंनी मान खाली घातली. ते बराच वेळ खाली बघत होते, कान लाल झाले होते. पण उठले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली आणि वहिनींना विचारलं, "मंग बकरी निघाली का?"